एअरसॉफ्टमध्ये (प्लास्टिकच्या गोळ्यांच्या बंदुकांनी खेळायची लुटूपुटूची लढाई) नवख्याने आधी गन घ्यावी की गॉगल?

सहा_मिमी: काल 'एअरसॉफ्टची ओळख' म्हणून जी पोस्ट आली त्यात सरळ लिहिलंय की पहिल्याच दिवशी चारशे एफपीएसची (गोळीचा वेग, फूट प्रति सेकंद) एईजी (बॅटरीवर चालणारी गन) घ्या, गॉगल काय 'कुठलाही चालतो'. वाचून डोकंच फिरलं. कुठलाही कसा चालेल? ०.२० ग्रॅमची बीबी (प्लास्टिकची गोळी) ३२८ एफपीएसने सुटली की तिची ऊर्जा एक ज्यूल होते, चारशेला जवळपास दीड. ज्या जपानमध्ये हा खेळ सुरू झाला तिथे कायद्यानेच ०.९८ ज्यूलवर रोखलंय. आणि हे महाशय नवख्याला उन्हाच्या चष्म्यावर मैदानात उतरवणार! बीबी कडेने आत शिरते, त्यामुळे गॉगल चारही बाजूंनी चेहऱ्याला घट्ट बसणारा आणि आघाताची चाचणी झालेलाच हवा. खाली दातांसाठी मास्क. पैसे आधी तिथे घाला, गन सुरुवातीला भाड्याची घ्या.

रानमांजर: ती पोस्ट माझीच. भाड्याच्या गनचं कौतुक सांगू नका हो. हॉप-अपचं (बीबीला फिरकी देऊन लांब नेणारा भाग) रबर झिजलेलं, बीबी वीस पावलांवर वळून झाडात, मॅगझिन अर्धं भरलेलं असतानाच त्यातून बीबी वर येणं बंद. माझा मित्र असाच एकदा वैतागून गेला तो परत आलाच नाही. स्वतःची गन असली की माणूस टिकतो. आणि तुमचे ते घट्ट गॉगल पाच मिनिटांत धुक्याने भरतात, समोरचं काही दिसत नाही, मग लोक खेळ चालू असताना ते वर सरकवतात. त्यापेक्षा जाळीचा बरा.

कडूनिंब: जाळीचा अजिबात नको!! स्वस्तातली ठिसूळ बीबी जाळीवर फुटते आणि कण आत येतात. माझ्या धाकट्या भावाच्या पापणीखालून डॉक्टरांनी पांढरा तुकडा काढला, मी शेजारी उभा होतो. धुक्यासाठी दुहेरी काचेचा गॉगल मिळतो, छोटा पंखा बसवलेलाही मिळतो.

जुनं_खोड: गन गॉगल नंतर बघा, नवख्याला आधी 'हिट', म्हणजे 'मला लागली', म्हणायला शिकवा. पेंटबॉलसारखा रंग उडत नाही इथे, सगळा खेळ इमानावर चालतो. परवा एकाच्या पाठीवर टपटप बीबी आपटताना मला दिसत होत्या, पठ्ठ्या ढिम्म, उलट वळून मलाच झोडपलं.

सहा_मिमी: विषय काय, तुम्ही बोलताय काय. आणि नवख्यांना कशाला दोष देता? ते बिचारे शेजारच्याला लागली तरी हात वर करतात. हिट खाणारे, म्हणजे लागली तरी गप्प बसणारे, सगळे जुने, पूर्ण किट घातलेले.

जुनं_खोड: तोंड सांभाळून. जुन्यांनीच हा खेळ उभा केलाय.

टॅपेट: दोघंही जरा थांबा. लांबून आलेली बीबी जाड जाकिटावर, प्लेट कॅरिअरवर (चिलखतासारखा जाड बनियन) खरंच कळत नाही, धावताना तर नाहीच. दर वेळी चोरी नसते. खरी चोरी क्रोनोवर (बीबीचा वेग मोजायचं यंत्र) होते. गॅसची गन ०.२० घालून मोजतात, पास होतात, मग आत जाऊन ०.३६ भरतात. जड बीबी बॅरलमध्ये जास्त वेळ राहते, गॅस तिला ढकलत राहतो, एफपीएस कमी दिसतो पण ज्यूल वाढतात. ज्या बीबीने खेळणार तिनेच मोजा आणि ज्यूलमध्ये मोजा, हे किती वेळा सांगायचं आयोजकांना? मग दहा फुटांवरून नवख्याच्या गळ्यावर टेंगूळ आलं की 'खेळ आहे, लागणारच' म्हणायचं.

जुनं_खोड: क्रोनोचं पटलं. पण पाठीत चार-पाच लागलेल्या कळत नाहीत हे मला पटणार नाही, कधीच.

कडूनिंब: म्हणून तर म्हणतो, समोरच्याची गन कितीची आहे ते आपल्या हातात नाही, आपल्या डोळ्यावर काय आहे ते आहे.

रानमांजर: बरं बाबांनो, 'कुठलाही चालतो' हे वाक्य काढतो आणि चारशेच्या जागी ३३० लिहितो. जाळीचंही काढतो, कडूनिंबच्या भावासाठी. पण गन भाड्याचीच घ्या हे मी लिहिणार नाही. फार तर 'घ्यायच्या आधी दोन-तीन जणांच्या गन चालवून बघा' एवढं टाकीन.

सहा_मिमी: टाका. आणि दातांचा मास्क विसरू नका, तो अजून तुमच्या यादीत नाहीये.