थायलंडमध्ये दीर्घकाळ राहणाऱ्यांचे अनुभव: कागदपत्रं, घर, स्वयंपाक आणि बाकी सगळं

नमस्कार मंडळी.

"बँकॉकला बदली झाली आहे, येताना काय काय आणू?" असं विचारणारा एक तरी निरोप दर थोड्या दिवसांनी येतोच. कुकर आणि गोडा मसाला आणा, एवढं सांगून तो प्रश्न सुटतो. खरे प्रश्न इथे पोचल्यावर सुरू होतात आणि त्यांची उत्तरं सहलीच्या माहितीत सापडत नाहीत. म्हणून हा धागा. थायलंडमध्ये नोकरी, लग्न, शिक्षण, निवृत्ती अशा कुठल्याही कारणाने राहत असाल तर स्वतःचा अनुभव लिहा, गाव आणि काम सांगा. नियम बदलत राहतात, त्यामुळे वाचणाऱ्यांनी इमिग्रेशनकडे खात्री करूनच पुढचं पाऊल टाकावं.

सुरुवात मी घरापासून करते, कारण माझ्या मते इथलं निम्मं सुखदुःख घरमालकावर अवलंबून आहे. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांत त्याची खबर इमिग्रेशनला द्यायची असते. हाच तो टीएम ३० फॉर्म, आणि कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची. ती पावती नसेल तर पुढे व्हिसाची मुदत वाढवताना तुमचंच काम अडतं. त्यामुळे घर बघायला गेलात की भाड्याची घासाघीस नंतर करा, आधी विचारा, "टीएम ३० तुम्ही भरता ना?" मालकाने टाळाटाळ केली तर घर कितीही आवडलं तरी पुढे चला.

दुसरं, वीज. बिल थेट एमईएकडून (बँकॉकची सरकारी वीज कंपनी) येतं की इमारतीचा मालक स्वतःच्या दराने लावतो, हे करारात वाचा. स्वतःच्या दराने लावणारे युनिटला ७-८ बात (थाई चलन) घेतात, आणि एसी चालवणाऱ्या घराला तो फरक चांगलाच जाणवतो. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं ही सर्वसाधारण रीत आहे. राहायला जाताना भिंती, फरशा, गादीवरचे डाग, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. कॉन्डोच्या ऑफिसला इथे सगळे 'निति' म्हणतात. तिथल्या बाईंशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या. आणि गल्लीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किती पाणी साचतं, हे एजंटला विचारू नका, कोपऱ्यावरच्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याला विचारा.

बँकॉक, सिलोम. खाजगी नोकरी

ताई, धागा उत्तम. मी कागदपत्रांवर लिहितो.

तीन गोष्टींची कायम गल्लत होते: व्हिसाची मुदतवाढ, ९० दिवसांचा रिपोर्ट आणि री-एंट्री परमिट. मुदतवाढ म्हणजे इथे राहायची परवानगी, तिची फी १,९०० बात. ९० दिवसांचा रिपोर्ट म्हणजे नुसता पत्ता कळवणं. देशात सलग ९० दिवस झाले की तो द्यायचा, तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. उशीर झाला तर २,००० बात दंड. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी नव्याने सुरू होते.

सगळ्यात धोक्याचं ते री-एंट्री परमिट. मुदतवाढ मिळालेली असताना हे परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की ती मुदतवाढ रद्द, आणि सगळं पहिल्यापासून. एका वेळचं १,००० बात, अनेक वेळांचं ३,८००. माझं ठाम मत आहे की ज्यांचे आईवडील भारतात आहेत त्यांनी अनेक वेळांचंच घ्यावं. माझ्या एका सहकाऱ्याला वडिलांच्या प्रकृतीमुळे रातोरात पुण्याला निघावं लागलं. सुवर्णभूमी विमानतळावर इमिग्रेशनजवळ या परमिटचा काउंटर असतो, तिथे फॉर्म, फोटो आणि पैसे देऊन त्याचं काम झालं. पण घरून तसा फोन आलेला असताना माणसाने फॉर्म भरत रांगेत उभं राहावं, ही वेळ टाळता येते. पासपोर्टमध्ये शिक्का तयार असला की फक्त तिकीट काढायचं उरतं.

नोकरी बदलणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. वर्क परमिट आणि व्हिसा दोन्ही त्या कंपनीला जोडलेले असतात. राजीनामा देण्याआधी जुनी कंपनी कोणत्या तारखेला काय रद्द करणार आणि नवी कधी अर्ज करणार, हे दोन्हीकडून लेखी घ्या.

बँकॉक, फ्राखानोंग. गृहिणी

मी स्वयंपाकघरातलं सांगते, कारण शाकाहारी माणसं इथे येताना फार घाबरून येतात.

'जे' हे अक्षर ओळखायला शिका. पिवळ्या झेंड्यावर लाल रंगात असतं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना आणि चातुर्मास पाळणाऱ्यांना याहून सोपं काही नाही. 'मांगसाविरत' सांगितलंत तर मांस येणार नाही, पण अंडं येऊ शकतं. आणि नुसतं "भाजी द्या" म्हटलंत तर त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, किंवा ऑयस्टर सॉस पडतोच. भाजी शाकाहारी आहे याबद्दल विकणाऱ्या बाईच्या मनात तरीही शंका नसते. ती फसवत नाही, तिच्या लेखी तो मिठासारखा जिन्नस आहे. त्यामुळे "माय साय नाम प्ला" हे वाक्य पाठ करा. 'जे'चा नऊ दिवसांचा सण बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या आगेमागेच येतो. तेव्हा शहरभर पिवळे झेंडे लागतात आणि सुपरमार्केटातही जे पदार्थांचे वेगळे कप्पे असतात.

आता मोदक. तांदळाचं पीठ आणायला गेलात की तीन तोंडांच्या हत्तीच्या चित्राची पाकिटं दिसतील. लाल घ्या. हिरवं चिकट तांदळाचं असतं, त्याची उकड हाताला सुटत नाही. नारळ खवायची गरजच नाही. ताज्या बाजारात बाई तुमच्यासमोर यंत्रावर खवून देते, फक्त "दूध काढायचं नाहीये" एवढं आधी सांगा, म्हणजे ती वरचा पांढराशुभ्र भाग वेगळा देते. गूळ, कढीपत्ता, पोहे, डाळी फाहुरात या बँकॉकच्या भारतीय बाजारात. तुळशीच्या जुड्या भाजीवाल्याकडे 'काफ्राव' म्हणून मिळतात. दसऱ्याची झेंडूची फुलं पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारात ढिगाने असतात, पहाटे गेलात तर उत्तम.

रायोंग. वाहन उद्योगात अभियंता

बँकॉकबाहेरचं जग वेगळं आहे, म्हणून लिहितो. इकडे स्कायट्रेन नाही, त्यामुळे गाडी लागतेच. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने हात लगेच बसतो, आणि तिथेच माणूस गाफील होतो. यू-टर्न महामार्गावर असतात आणि स्कूटर उलट दिशेने कडेने येतात.

कळकळीने सांगतो, स्कूटर चालवायची तर दुचाकीचा परवाना काढा. चारचाकीचा परवाना दुचाकीला चालत नाही. परवाना नसताना अपघात झाला की बहुतेक विमा कंपन्या हात वर करतात, आणि खाजगी इस्पितळाचं बिल लाखांत जातं. आमच्या कारखान्यात हे एकाच्या बाबतीत घडलं. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला घरी पाठवला. परवान्यासाठी वैद्यकीय दाखला आणि राहण्याचा दाखला लागतो. रंग ओळखणं, ब्रेकवर पाय किती लवकर जातो, अशा चाचण्या असतात. पहिला परवाना दोन वर्षांचा, पुढचा पाच वर्षांचा.

पगारातून सोशल सिक्युरिटीचे ५ टक्के कापले जातात. त्यात इस्पितळ निवडावं लागतं, तेव्हा नावाजलेल्याच्या मागे न लागता घराजवळचं निवडा. रुग्णवाहिकेचा नंबर १६६९, पोलिसांचा १९१. दोन्ही थाईतून बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या फोनमध्येही असू द्या, कारण पत्ता सांगायची वेळ आली की तोच नीट सांगेल.

च्यांग माई. घरून काम

मी डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) वर आहे. हा जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. पाच वर्षांचा असतो, एका प्रवेशात १८० दिवस राहता येतं, खात्यात ५,००,००० बात दाखवावे लागतात. परदेशातल्या कंपनीसाठी काम करणाऱ्यांना हा बरा, पण याच्यावर थाई कंपनीत नोकरी करता येत नाही.

मला मुख्य सांगायचंय ते हवेबद्दल. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे येऊन प्रेमात पडतात आणि वर्षाचा करार करतात. मग फेब्रुवारी उजाडतो. शेतातलं पाचट-खुंट आणि डोंगरातलं जंगल जळायला लागतं, खोऱ्यात धूर अडकून बसतो आणि एप्रिलपर्यंत तो हलत नाही. समोरचा दोई सुथेप डोंगर दिवसेंदिवस दिसत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी राखेचे काळे तंतू सापडतात. लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असेल तर एक खोली तरी फटी बुजवून, हवा शुद्ध करणारं यंत्र लावून ठेवा, आणि जमत असेल तर ते महिने दक्षिणेला जा. मी करार नोव्हेंबर ते जानेवारी असाच करतो.

कराचंही बघा. एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस इथे राहिलात की थायलंडचे कर-निवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ पासूनचं परदेशी उत्पन्न इथे आणलं तर त्यावर कर लागू शकतो. भारत-थायलंड दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा कागद दाखवल्यावरच मिळतो.

हुआ हिन. निवृत्त दांपत्य

आम्ही दोघं साठी ओलांडलेली. पन्नाशीनंतर निवृत्तीच्या आधारे राहता येतं. बँकेत ८,००,००० बात, किंवा महिना ६५,००० उत्पन्न. पैसे अर्जाआधी दोन महिने खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने हलवायचे नाहीत, आणि उरलेल्या वर्षात ४,००,०००च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत.

याबद्दल सगळे लिहितात. पुढचं कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. खातं माझ्या एकट्याच्या नावावर असलं आणि उद्या मी गेलो, तर हिला ते पैसे मिळवण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. थाई भाषेतलं मृत्युपत्र इथल्या वकिलाकडून करून घ्या, फक्त इथल्या मालमत्तेपुरतं. हिच्या नावावर वेगळं खातं ठेवा आणि महिन्याच्या खर्चाला पुरतील इतके पैसे त्यात असू द्या. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. कॉन्डो होतो, तोही इमारतीतल्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच. थाई मित्राच्या नावावर बंगला घेण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

औषधांच्या पाकिटावरची तारीख बघून आम्ही सुरुवातीला चक्रावायचो. इथे बुद्ध संवत चालतं. २५६८ दिसलं तर ५४३ वजा करा, २०२५ येईल. दुधाच्या पिशवीवर नुसतं ६८ असतं. आजाऱ्याच्या घरात हे माहीत असलेलं बरं.

नोंथाबुरी. शिक्षिका, सासर थाई

काकांनी मृत्युपत्राचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

मी लोकांत वावरण्याबद्दल सांगते. राजघराण्याबद्दल काहीही लिहू-बोलू नका, चेष्टेतही नाही, मित्राच्या पोस्टवरही नाही. कलम ११२ खाली एका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनात राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही, वस्तू द्यायची तर खाली ठेवायची.

आवाज चढवून काम लवकर होतं ही आपली सवय इथे उलटते. सरकारी कार्यालयात चिडलात की समोरची बाई हसते आणि फाइल बाजूला ठेवते. तिचं हसू होकार समजू नका.

आणि लिपी शिका. आपल्याला ती इतर परदेशी लोकांपेक्षा सोपी जाते, कारण अक्षरांचा क्रम बहुतांशी आपल्या वर्णमालेचाच आहे, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग असा. वाचता आलं की मेनू, बसची पाटी आणि भाडेकरार तुमच्यासाठी कुणी वाचून दाखवायला लागत नाही.

बँकॉक, उंच इमारतीतला रहिवासी

२८ मार्च २०२५ चा भूकंप म्यानमारमध्ये झाला, पण इथल्या उंच इमारती काही मिनिटं डोलत होत्या. चतुचकमध्ये बांधकाम चालू असलेली सरकारी इमारत कोसळली. तेव्हापासून माझ्या दाराशी चपला, पाणी, पासपोर्टची पिशवी असते. भाड्याने राहत असाल तर भिंतीला पडलेल्या भेगांची नोंद निति ऑफिसकडे लेखी करा. नाहीतर घर सोडताना त्या तुमच्या डिपॉझिटमधून वळत्या होतील.

बँकॉक. दुभाषी

धाग्याचा विषय थोडा सोडून लिहितेय, पण गावाकडे कुणाला सांगता आलं तर सांगा. "थायलंडमध्ये डेटा एंट्री, मोठा पगार, व्हिसा नंतर" अशी नोकरी आली तर येऊ नका. मुलं बँकॉकला उतरतात आणि त्यांना गाडीत घालून माए सोतमार्गे नदीपलीकडे म्यानमारमध्ये, म्यावाडीला नेतात. तिथे पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी माए सोतहून पाचशेहून जास्त भारतीयांना परत नेलं. खरी कंपनी तुम्ही निघण्याआधी नॉन-इमिग्रंट बी (नोकरीसाठीच्या) व्हिसाचे कागद पाठवते. "आत्ता टुरिस्ट म्हणून या" असं म्हणणारा माणूस कितीही ओळखीतला असो, त्याचं ऐकू नका. शंका आली तर बँकॉकमधल्या भारतीय वकिलातीला आधी ईमेल करा.

बँकॉक, बांगना. नुकतीच आई झालेली

बाळंतपण इथे करायचं ठरवणाऱ्यांसाठी. भारतीय आईवडिलांचं मूल इथे जन्मलं म्हणून थाई नागरिक होत नाही. जन्माची नोंद जिल्हा कार्यालयात १५ दिवसांत करायची. बरीच इस्पितळं ते काम करून देतात, पण नाव थाई अक्षरांत लिहिलं जातं. तेव्हा आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती द्या आणि छापण्याआधी थाई वाचणाऱ्या कुणाकडून नाव मोठ्याने वाचून घ्या. आमच्या आडनावातला 'ळ' तीन कागदांवर तीन तऱ्हेने आला होता. दाखल्याचं भाषांतर, मग थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग आपली वकिलात, असा क्रम आहे. वकिलातीत जन्माची नोंद एक वर्षाच्या आत व्हायला हवी, तरच बाळाचं भारतीय नागरिकत्व विनासायास होतं. बाळाचा पासपोर्ट आला की त्याचा व्हिसा. आजी-आजोबांची तिकिटं काढण्याआधी हा सगळा क्रम कॅलेंडरवर मांडा.