तोंदोनिया रेझर्वा २०११: विटकरी रंग, तळाशी साका. बाटली बिघडली आहे का?

आंबटगोड:
लोपेझ दे एरेदिया या स्पॅनिश वाइनरीच्या 'विन्या तोंदोनिया रेझर्वा २०११' या लाल वाइनच्या दोन बाटल्या आहेत. पहिलीचं बूच उघडताना मधोमध तुटलं. वाइनचा रंग कडेला चक्क विटकरी, शेवटच्या पेल्यात चहाच्या गाळासारखा साका. वास सुक्या अंजिराचा, थोडा खोबऱ्याचा. चव पातळ आणि आंबटसर. हे असंच असतं का? दुसरी नीट कशी उघडायची? आणि पुण्यात साध्या कपाटात किती टिकेल?

पिंपळपान:
असंच असतं. तुम्ही लिहिलेल्या यादीत एकही दोष नाही.

हे घराणं स्पेनच्या रिओहा भागातल्या आरो गावचं, १८७७ पासूनचं. रेझर्वा म्हणायला रिओहाच्या नियमानुसार एकूण ३ वर्षं मुरवणं पुरतं, त्यातलं किमान १ ओकच्या पिंपात. तोंदोनिया रेझर्वा पिंपातच सुमारे ६ वर्षं असते, मग बाटलीत आणखी काही वर्षं. पिंपं २२५ लिटरची, अमेरिकन ओकची आणि घरच्याच कारखान्यात बांधलेली. बहुतेक पिंपं जुनी, त्यामुळे लाकडाचा वास बेताचाच येतो. खोबऱ्याची छटा मात्र अमेरिकन ओकचीच खूण. जुन्या पिंपाचं खरं काम म्हणजे फळ्यांमधून हवा अगदी सावकाश आत येऊ देणं. त्या हवेनेच जांभळट रंग विटकरीकडे झुकतो आणि तुरटपणा मऊ होतो.

साक्याचं कारणही सरळ आहे. वर्षातून साधारण दोनदा वाइन एका पिंपातून दुसऱ्यात निथळून घेतात, गाळ मागे राहतो. शेवटी ताज्या अंड्याचा पांढरा बलक घालून निवळवतात. त्यातली प्रथिनं टॅनिनला, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्याला, धरून तळाशी बसतात. पण बाटलीत भरताना फिल्टर लावत नाहीत. म्हणून पुढे बाटलीत रंगद्रव्य आणि टॅनिन एकत्र येऊन जे बसतं, ते तुमच्याच पेल्यात येतं. निरुपद्रवी असतं, फक्त जिभेला कचकच लागते.

'पातळ' हा शब्द मात्र पटला नाही. यात तीनचतुर्थांश टेम्प्रानियो द्राक्षं, थोडी गार्नाचा, बाकी ग्रासियानो आणि मासुएलो. अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आसपास. गडद, जॅमसारख्या वाइनची सवय असेल तर ही अंगाने हलकी वाटणारच. आंबटपणा हाच तिचा कणा.

कडूनिंब:
दुसऱ्या बाटलीसाठी:

दोन दिवस आधी फ्रीजमध्ये उभी ठेवा, म्हणजे साका तळाशी बसेल. पिण्याआधी तासभर बाहेर काढा, पण उभीच, न हलवता. पेल्यात १६ ते १८ अंश हवी. पुण्यातल्या मे महिन्यात 'खोलीच्या तापमानाला' प्यायलात तर आधी अल्कोहोलच नाकात जाईल.

बूच तुटण्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रू. तो तिरका गेला किंवा अर्ध्यावरच ओढला की जुनं, ओलं बूच तिथेच फाटतं. मधोमध, सरळ, शेवटचा एक वेढा दिसेपर्यंत आत घाला आणि दोन टप्प्यांत उचला. दोन पात्यांचं ओपनर मिळालं तर उत्तम: पाती बूच आणि काच यांच्या फटीत आळीपाळीने दाबत खाली न्यायची, मग फिरवत वर ओढायचं. तरीही तुकडा आत पडला तर चहाच्या बारीक, धुतलेल्या गाळणीतून गाळा. काही बिघडत नाही.

ओतताना बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा आणि एकाच धारेत डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) ओता. खांद्यापाशी धुरासारखी काळी रेघ दिसली की थांबा. तळाशी दोनेक मोठे चमचे उरतील, ते सोडून द्या.

पिंपळपान:
एक भर घालतो. डिकँटरमध्ये अर्धा तास पुरे. वीस-तीस वर्षं जुनी ग्रान रेझर्वा (रेझर्वाहून जास्त मुरवलेली) असेल तर तेवढाही नको, कारण नाजूक वास आधी उडतात.

आंबटगोड:
धन्यवाद. मग खरंच बिघडलेली बाटली ओळखायची कशी?

कडूनिंब:
नाकाने. रंगावरून नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आणि फळाचा मागमूस नाही: हा बुचाचा दोष. हवा लावून जात नाही, उलट वाढतो. नेलपॉलिशचा वास किंचित आला तर या शैलीत चालतो, पण पेला नाकाशी नेताच झोंबला तर बाटली गेली. उकळलेल्या मनुकांचा वास, बूच थोडं वर सरकलेलं आणि मानेवर चिकट ओघळ असेल तर उष्णता लागली आहे.

पुण्याच्या कपाटाचं उत्तरही त्यातच आलं. हिवाळ्याचे दोन-तीन महिने चालेल, अंधारात, आडवी ठेवून. मार्चनंतर नाही. ही वाइन १२-१५ अंशांत आणखी वर्षानुवर्षं राहील, ३५ अंशांत एक उन्हाळाही काढणार नाही. वाइनसाठी वेगळा फ्रीज नसेल तर घरच्या फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे सारखे हिसके बसतात. खालच्या कप्प्यात मागे आडवी ठेवा आणि काही महिन्यांत संपवा.

पिंपळपान:
सोबत तांबडा रस्सा नको. तिखटाने उरलासुरला तुरटपणाही टोचतो. रिओहात द्राक्षवेलीच्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या चापा खातात, वर फक्त मीठ. आपल्याकडे चापा नुसत्या मीठ-मिरीत तव्यावर परता, काम होईल.