लिव्हरच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी चालवतात?

प्रश्न:
बाबांच्या आतड्याच्या कॅन्सरची गाठ लिव्हरमध्ये पसरलीये. उजवा भाग काढणार, ओपन सर्जरी. सर्जन म्हणतात, दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल, नाकात नळी नाही, पोटात साचलेलं पाणी बाहेर काढायची नळी, म्हणजे ड्रेनही बहुधा नाही, दुसऱ्या दिवशी खायचं आणि चालायचं. काकांच्या मते ही बेड मोकळा करायची घाई. खरंच झेपतं का हो?

वॉर्डातली सिस्टर:
घाई नाही, ठरलेली पद्धत आहे. ईआरएएस म्हणतात, म्हणजे ऑपरेशननंतर पेशंट लवकर सावरावा म्हणून आखलेली पद्धत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी हा विचार मांडला. लिव्हरसाठीच्या शिफारशी २०१६मध्ये आल्या. नाकात नळी असली की पेशंट नीट खोकत नाही, कफ साठतो. म्हणून ती सरसकट घालत नाहीत.

चालणं म्हणजे फेऱ्या मारणं नव्हे. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर जोर देऊन उठायचं. उताणं असताना सरळ उठायला गेलं की टाके ओढतात. जरा वेळ काठावर बसवायचं, गरगरलं नाही तर खुर्ची. आणि आधी युरिन बॅग नि सलाइनचा स्टँड हलवायचा, मग पेशंट. नातेवाईक नेमकं उलटं करतात! खोकताना पोटाशी उशी दाबून धरायला बाबांना आत्तापासूनच शिकवा.

दुखण्याचं काय करणार, हे भूलतज्ज्ञांना जरूर विचारा. लिव्हरचा मोठा भाग गेला की काही दिवस आयएनआर वाढलेला असतो, म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतो. मग एपिड्युरलची, म्हणजे दुखणं थांबवायला पाठीच्या कण्यात घातलेली नळी रक्तस्रावाच्या भीतीने काढणं लांबतं. त्यात एपिड्युरलने बीपी उतरलं तर उभं करणार कसं? त्यामुळे हल्ली बरेच जण जखमेजवळच बारीक नळीतून औषध सोडतात.

भूलशास्त्राचा विद्यार्थी:
पाण्याबद्दल एक. दोन तासांची सूट फक्त पाणी किंवा तसल्याच पातळ, पारदर्शक पेयाला. दूध त्यात येत नाही, खाणं तर सहा तास आधी बंद. डायबेटिसमुळे पोट हळू रिकामं होत असेल तर हा हिशोब लागू नाही.

प्रश्नकर्ती:
बाबांना डायबेटिस आहेच, विचारते. पण घरी कधी सोडतील?

वॉर्डातली सिस्टर:
तारीख पाहून नाही सोडत, ताई. गोळ्यांवर दुखणं आटोक्यात, जेवण पोटात टिकतंय, स्वतःचं स्वतः चालता येतंय आणि लिव्हरचे रिपोर्ट सुधारतायत, हे जुळलं की सोडतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायची इंजेक्शनं कधी कधी घरीही चार आठवड्यांपर्यंत चालतात, ती कोण देणार ते आधीच ठरवा. पॅरासिटामॉल मात्र मनाने वाढवू नका. ताप, डोळे पिवळे, पोट फुगणं किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले, तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

प्रश्नकर्ती:
काकांना हे सगळं वाचून दाखवलं. आता ते म्हणतायत, कुशीवर वळवायला मीच थांबतो.