घटना म्हणे विचारसरणीच्या वर! मग मालमत्तेचा हक्क गेला कुठे?

उतारा_आठ_अ
काल इथे एका सदस्याने लिहिलं की आपली राज्यघटना कुठल्याच विचारसरणीला बांधलेली नाही, पक्ष येतात-जातात, घटना तिथेच. पुरावा म्हणून नोव्हेंबर 2024 चा नऊ न्यायाधीशांचा निकाल. खाली 'सहमत', 'अगदी मनातलं' यांची रांग. डोकं उठलं, म्हणून सविस्तर.

तो निकाल मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर लागणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारतींचा. 1986 मध्ये म्हाडा कायद्यात तरतूद घुसवली : 70 टक्के रहिवासी एकत्र आले की मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन मालकाची इमारत घ्यायची. आधार घटनेचं कलम 39(ब) : समाजाची भौतिक साधनं सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत, हे मार्गदर्शक तत्त्व. न्यायालय म्हणालं, प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात बसत नाही. ठीक. पण 1977 मध्ये न्या. कृष्णा अय्यरांनी याच कलमातून बरोबर उलटा अर्थ काढला होता. कलम तसंच राहिलं, देशाची हवा बदलली.

1951 आठवा. पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनदारीविरोधी कायदा रद्द केला, तर नेहरू सरकारने घटनाच दुरुस्त केली. तीही हंगामी संसदेत, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची असताना! कलम 31-ब आणि नववं परिशिष्ट आलं, म्हणजे त्या यादीतल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावाने कोर्टात आव्हान नाही. सुरुवातीला 13 कायदे, आता अनुक्रमांक 284 पर्यंत. पुढे 1978 मध्ये जनता सरकारने 44 व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून साधा कायदेशीर हक्क म्हणून कलम 300-अ मध्ये टाकला. त्या जनता पक्षात जनसंघही होता बरं का.

आवडो न आवडो, हे राजकारण आहे. 'वर' वगैरे काही नाही.

काळा_कोट
तो 'एक सदस्य' मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. 15 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत के. टी. शहांनी घटनेत 'समाजवादी' शब्द घालायची सूचना आणली, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला होता. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, घटनेत बांधून टाकलं तर लोकशाहीच संपते, हा त्यांचा मुद्दा. आणि 1973 च्या केशवानंद भारती खटल्याच्या निकालानंतर घटनेच्या मूळ चौकटीला संसदेला हात लावता येत नाही. 24 एप्रिल 1973 नंतर नवव्या परिशिष्टात गेलेले कायदेही तपासता येतात, हे 2007 मध्ये ठरलंय. तुमची गाडी 1978 लाच थांबली.

उतारा_आठ_अ
वकीलसाहेब, अर्धंच भाषण सांगताय. त्याच उत्तरात ते पुढे म्हणतात की मार्गदर्शक तत्त्वांत समाजवाद आधीच आहे, आणखी काय हवं? शिवाय 1947 च्या त्यांच्या निवेदनात शेती सरकारी मालकीची करून ते घटनेतच लिहा अशी मागणी होती. राहिली मूळ चौकट. ती 7 विरुद्ध 6 ने ठरली. एक न्यायाधीश तिकडे सरकला असता तर आज तुम्ही पुरावा म्हणून काय जोडलं असतं?

ढेकूळफोड्या
तुमचं कायद्याचं कीर्तन चालू द्या. शेतजमिनीला कमाल मर्यादा : कोरडवाहूला 54 एकर, बारमाही पाण्याला 18 एकर, वर गेलं की सरकारजमा. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ओरडून ओरडून गेले, नववं परिशिष्ट म्हणजे शेतकऱ्याची बेडी. शहरात रिकाम्या जमिनीवर अशीच मर्यादा घालणारा नागरी कमाल धारणा कायदा होता, तो 2007 मध्ये महाराष्ट्राने गुंडाळला. बिल्डर मोकळा, आम्ही आहोत तिथेच. यात कुठली विचारसरणी ते सांगा, म्हणजे तिला मत देणं बंद करतो.

घाटाखालचा
बेडीचं म्हणाल तर कुळकायदा घ्या. नवव्या परिशिष्टाच्या पहिल्या 13 मध्ये तोही होता, म्हणजे मूलभूत हक्काच्या नावाने दाद मागायची सोयच नाही. आमचं घर काही जमीनदार नव्हतं, भाताची चार खाचरं. आजोबा मुंबईत गिरणीत, जमीन अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर, कुळाला दिलेली. 1 एप्रिल 1957 उजाडला आणि त्या कायद्याने कसणारा मालक झाला. किंमत ठरली ती हप्त्याहप्त्याने आली, त्यात बैलजोडीसुद्धा झाली नसती. आजी शेवटपर्यंत त्या बांधावरून जायची नाही, लांबचा रस्ता घ्यायची.

चरीचा_नातू
आली रडगाणी! तुमच्या आजीचा बांध दिसतो, आमच्या पणजीची वेठ दिसत नाही? अलिबागकडे चरी गावच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं शेत पेरलं नाही. नारायण नागू पाटलांनी तो संप लढवला आणि 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, विधेयक आणलं. ते राजकारणच होतं आणि झालं ते बरं झालं. नवव्या परिशिष्टाची ढाल नसती तर खोतांच्या वकिलांनी तीस वर्षं तारखा घेतल्या असत्या.

घाटाखालचा
आम्ही खोत नव्हतो, पुन्हा सांगतो. आजोबा गेले 56 मध्ये. आजी विधवा, तरी जमीन गेली.

चरीचा_नातू
विधवेसाठी कुळकायद्याचं कलम 32-फ होतं. तिच्या हयातीत कुळाला खरेदी करताच येत नव्हती. तुमच्या लोकांनी तेव्हा ते सांगितलं नसेल तर बाबासाहेब काय करणार? उलट त्याच कलमात कुळाने मुदतीत लेखी कळवायचं होतं. न कळवलेल्या कितीतरी कुळांची जमीन परत मालकाकडे गेली. माझ्या चुलत्याचीही. अंगठेबहाद्दर माणूस, नोटीस कुठून देणार? त्यावर कोणी कविता करत नाही.

घाटाखालचा
कविता मी करत नाहीये. पण 32-फ चं आमच्याकडे खरंच कोणी बोललं नव्हतं. घ्या, एवढं तरी कामाचं बोललात.

काळा_कोट
विषय होता घटना आणि विचारसरणी.

ढेकूळफोड्या
मग हे काय चाललंय, पाककृती?

काळा_कोट
बरं, 1951 ची दुरुस्ती राजकीय होती, मान्य. उतारा_आठ_अ यांना साखर वाटा. पण तेव्हाच्या संसदेने केलेलं पुढच्या संसदेला बदलता येतं, हेच माझं म्हणणं होतं आणि आहे.

उतारा_आठ_अ
हे तुम्ही काल लिहिलं असतं तर धागाच काढला नसता. काल 'वर' होती, आज 'बदलता येते'.

घाटाखालचा
चरीवाले, तुम्हाला कायदा पाठ दिसतोय म्हणून विचारतो. जमीन विकत घेतल्याचं कलम 32-म चं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली की कुळाला जमीन विकायला परवानगी लागत नाही, आकारणीच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) 40 पट भरलं की झालं, हे खरं का? आमचं ते खाचर कुळाच्या घरच्यांनी आता विकायला काढलंय.

चरीचा_नातू
2014 च्या दुरुस्तीपासून खरं आहे. 40 पट ऐकून घाबरू नका, आकारणी रुपयांतच असते. पण ती रक्कम भरायची विकणाऱ्यांनी. तुम्ही फक्त खरेदीदार असाल, तर शेतजमीन घ्यायला लागणारा शेतकरी असल्याचा दाखला आहे का?

घाटाखालचा
जमीन गेल्यावर दाखला कुठून असणार?