घाट उतरल्यापासून डाव्या कानाला दडा बसलाय, चार दिवस झाले

भटक्या_सातारकर: मंडळी, रविवारी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो, सर्दी होतीच, कुंभरोशी मागे पडलं आणि दोन्ही कानांना दडे बसले. उजवा खाली चहा पिताना टप्पकन मोकळा झाला पण डावा अजून तसाच, कापसाचा बोळा कोंबल्यासारखा, बोललो की स्वतःचाच आवाज आत घुमतो. दुखत फारसं नाही. आई म्हणतेय लसूण घालून कोमट तेल सोड, सोडू का? आणि जाताना पसरणी घाटाने चढलो तेव्हा काहीच झालं नाही, मग उतरतानाच का?

चहाटळ: पोलादपूरला अजून एक चहा प्यायला हवा होता दादा 😄

कानगोष्टी: मी ईएनटीकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करते, रोज असे दोन-तीन पेशंट बघते. तेल नको हो. दडा पडद्याच्या आतल्या बाजूला असेल तर बाहेरून सोडलेलं तेल तिथे पोचतच नाही, आणि पडद्याला भोक असलं तर नसती भानगड. मधल्या कानापासून नाकाच्या मागे एक बारीक नळी येते, युस्टेशियन ट्यूब, ती एरवी मिटलेली असते, गिळलं किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते. चढताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा आपसूक निसटते. उतरताना उलटं, महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर, तिथून पायथ्याला येईपर्यंत हवेचा दाब 15 टक्क्यांच्या वर वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि सर्दीने सुजलेली नळी काही उघडत नाही. नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळून बघा. नाक दाबून जोरात फुंकू नका, सर्दीत तर नाहीच. नाकाचे ड्रॉप्स डॉक्टरांनी दिले तरी 5 दिवसांच्या वर ओढू नका, नंतर नाक उलट जास्त चोंदतं.

आणि एक करा, तोंड मिटून हंऽऽऽ असं गुणगुणा, आवाज कुठल्या कानात मोठा येतो?

भटक्या_सातारकर: ताई, डाव्याच कानात! बंद कानात मोठा कसा काय?

कानगोष्टी: मग बरंय, अडथळा बहुतेक आवाजाच्या वाटेत आहे, ऐकण्याची नस ठीक असावी. चांगल्या कानात मोठा आला असता तर आजच्या आज जा म्हटलं असतं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, शिट्टी वाजते, गरगरतं, तर दडा समजून थांबायचं नाही, त्यात स्टिरॉइड लवकर सुरू झालं तरच उपयोग होतो. पण हा घरगुती अंदाज, कान दाखवाच.

दोन_मुलांची_आई: विमानात पण हेच. लेक दहा महिन्यांची होती, लँडिंगला झोपलेली, उठली ती किंचाळतच. आता खाली उतरायची घोषणा झाली की उठवते आणि पाजते.

बड्सवाला: माझा दडा आंघोळीनंतर बसायचा, मळ पाण्याने फुगायचा. बड्स घालून घालून मीच तो आत ठासला होता. ड्रॉप्सने चार दिवस मऊ केला मग डॉक्टरांनी काढला, तूरडाळीएवढा खडा!

भटक्या_सातारकर: दाखवून आलो. मळ नाही, पडदा आत ओढलाय आणि मागे थोडं पाणी साठलंय, आपोआप जाईल म्हणाले, तीन आठवड्यांनी परत बोलावलंय, तोवर घाट आणि विमान बंद. आईने लसणाचं तेल केलंच होतं, ते काल आमटीत गेलं.