मदत हवी: ईव्हीच्या सर्व्हिसचं १८,९५० चं एस्टिमेट, उद्या ११ च्या आत ओके द्यायचं आहे

जुळे_सोलापूर_७ · रात्री ८:५२
गाडी आज होटगी रोडला सर्व्हिसला दिली. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर एस्टिमेट आलं, जीएसटी धरून १८,९५०. सर्व्हिस अॅडव्हायजर सारखा फोन करायलाय, "सकाळी ११ पर्यंत ओके द्या, नाहीतर गाडी बे मधून (कामाच्या जागेवरून) बाहेर काढावी लागेल." ईव्हीला एवढा खर्च असतो का? यातलं काय करू, काय नको? लवकर सांगा. डीलरचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.

पाना_नंबर_१० · रात्री ८:५८
कोणती गाडी? किती किलोमीटर? किती वर्षं झाली? एस्टिमेटमध्ये काय काय लिहिलंय? नुसत्या आकड्यावरून काय सांगणार?

विजापूर_रोड · रात्री ९:०३
ईव्हीला सर्व्हिस लागतच नाही. ऑइल नाही, फिल्टर नाही, प्लग नाही. गाडी उचला आणि घरी आणा.

ओममीटर · रात्री ९:१०
असा सल्ला देऊ नका. इंजिन ऑइल नाही, पण ब्रेक फ्लुइड आहे, बॅटरी थंड ठेवणारं कूलंट आहे, गिअर रिडक्शनचं ऑइल आहे, केबिन फिल्टर आहे, १२ व्होल्टची बॅटरी आहे. शिवाय मोठ्या बॅटरीची वॉरंटी, बहुतेक कंपन्यांची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, ठरलेली तपासणी वेळेवर झाल्याची नोंद मागते. तपासणी चुकवायची नाही. तपासणीच्या सोबत जे विकायला ठेवलेलं असतं ते वेगळं काढायचं.

धागाकर्ते, यादी टाका.

जुळे_सोलापूर_७ · रात्री ९:१४
घ्या यादी:
सर्व्हिस मजुरी २,४००
केबिन फिल्टर ७५०
कूलंट बदल ३,१००
ब्रेक फ्लुइड १,१५०
पुढचे ब्रेक पॅड ३,८००
एसी डिसइन्फेक्टंट १,२५०
हाय व्होल्टेज कनेक्टर क्लीनिंग १,६००
अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग १,४००
अंडरबॉडी कोटिंग ३,५००

पाना_नंबर_१० · रात्री ९:१६
गाडी कोणती आणि किलोमीटर किती, ते अजून सांगितलं नाही.

कर्णिक_नगर · रात्री ९:२०
घरी चार्जर कुठला आहे? १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर करत असाल तर आधी ते बदला. ७.२ किलोवॉटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात. मीटरपासून ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी वायर ओढा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. अर्थिंग स्वतंत्र घ्या. आपल्याकडे मुरमाड जमीन. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो आणि चार्जर मध्येच एरर देऊन बंद पडतो. मार्चपासून खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमन बोलवा.

जुळे_सोलापूर_७ · रात्री ९:२४
चार्जिंगचा काही प्रॉब्लेमच नाही ओ. सर्व्हिसबद्दल विचारतोय.

शेंगा_चटणी · रात्री ९:२७
महावितरणकडून ईव्हीला वेगळं मीटर घेता येतं ना? त्याला कागदपत्रं काय लागतात? कोणी घेतलंय का इथे?

ओममीटर · रात्री ९:३९
वेगळ्या मीटरसाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

यादीवर येतो.

ब्रेक फ्लुइड: दोन वर्षं झाली असतील तर बदला, पॅड कितीही नवे असोत. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ च्या आसपास येते. त्यांच्याकडे पेनासारखा टेस्टर असतो. टाकीत बुडवून ओलावा किती टक्के आहे ते सांगायला लावा. ३ च्या पुढे असेल तर वाद घालायचा नाही.

कूलंट: मॅन्युअलमध्ये मेंटेनन्सचा तक्ता असतो, त्यात तुमच्या किलोमीटरसमोर 'बदला' लिहिलंय की 'तपासा', ते बघा. बऱ्याच गाड्यांना पहिली काही वर्षं फक्त तपासा असतं. बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये असेल आणि रंग गढूळ नसेल तर बदलायचं कारण नाही.

हाय व्होल्टेज कनेक्टर क्लीनिंग: सरळ नाही म्हणा. केशरी केबलचे कनेक्टर रबरी सील लावून बंद केलेले असतात, तिथे फवारा मारायचा नसतो. ते उघडायचे तर आधी सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा) काढावा लागतो, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबावं लागतं, मीटरने शून्य व्होल्ट आल्याची खात्री करावी लागते आणि हातात १००० व्होल्टचे ग्लोव्ह्ज लागतात. फॉल्ट कोड आलेला नसताना ते उघडणं म्हणजे चांगलं सील बिघडवणं. नुसतं बघायचं असेल तर केबलचं आवरण, क्लिप आणि चार्जिंग पोर्टच्या पिना काळ्या पडल्यात का, एवढं बघायचं. ते मजुरीतच येतं.

पाना_नंबर_१० · रात्री ९:४४
अंडरबॉडी कोटिंगलाही नाही म्हणा. बॅटरीच्या ट्रेवर रबरी थर बसला की खालून दगड लागल्याची खूण दिसत नाही, ब्रीदर व्हॉल्व्ह (बॅटरीच्या पेटीतला हवेचा दाब सांभाळणारा) बुजायची भीती वेगळी. सोलापूरच्या कोरड्या हवेत खालून गंज फारसा लागत नाही. एसी डिसइन्फेक्टंट वास येत असेल तरच. आणि कूलंटमध्ये भर घालायची वेळ आली तर नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीच नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर चढतो, तेच क्षार कूलिंग प्लेटच्या बारीक नळ्यांत बसतात. वर पाण्यातून वीज वाहते, म्हणून काही गाड्यांना मुद्दाम कमी वीजवाहक कूलंट दिलेलं असतं. हिरवं, निळं, गुलाबी अशा रंगावरून जाऊ नका, बाटलीवरचं स्पेसिफिकेशन जुळलं पाहिजे.

आता तरी किलोमीटर सांगा.

जुळे_सोलापूर_७ · रात्री ९:५१
३०,४०० किमी, २ वर्षं ४ महिने. छोटी एसयूव्ही, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी. मीच त्यांना तक्रार सांगितली होती, सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला पुढून करकर आवाज येतो. म्हणून पॅड लिहिलेत. आणि रेंजही कमी झाली आहे. आधी २४० पडायची, आता २०५.

ओममीटर · रात्री ९:५६
ही तक्रार पहिल्या पोस्टमध्येच हवी होती. आवाज आणि रेंज दोन्ही एकाच वेळी सुरू झालं का?

विजापूर_रोड · रात्री १०:०१
रेंज घसरली म्हणजे बॅटरी गेली. १०० टक्के चार्ज करत असणार. ८० च्या वर कधीही न्यायचं नाही, हा नियम आहे.

ओममीटर · रात्री १०:१२
तो नियम एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीचा. एलएफपीचं उलट आहे. एलएफपी सेलचं व्होल्टेज साधारण २० ते ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्प्युटरला) नक्की किती चार्ज उरलाय याचा अंदाज लागत नाही. १०० ला गेल्यावर व्होल्टेज एकदम चढतं, तिथे हिशोब जुळतो आणि सेल बॅलन्स होतात. म्हणून बहुतेक कंपन्या एलएफपीला आठवड्यातून एकदा स्लो चार्जरवर पूर्ण १०० करायला सांगतात. एवढंच बघायचं, की १०० करून ४३ अंशांच्या उन्हात दिवसभर उभी ठेवायची नाही. रात्री चार्ज, सकाळी बाहेर.

विजापूर_रोड · रात्री १०:१५
शोरूममध्ये मला ८० च सांगितलं होतं.

ओममीटर · रात्री १०:१६
तुमची बॅटरी कोणती, ते आधी बघा. मॅन्युअलमध्ये असेल.

धागाकर्ते, मीटरवर एका युनिटला किती किलोमीटर दाखवतं? आधी किती होतं?

जुळे_सोलापूर_७ · रात्री १०:२२
आधी ६.८. आता ५.८. आवाज आणि रेंज, हो, साधारण दीड महिन्यापासून दोन्ही.

ओममीटर · रात्री १०:३४
मग बॅटरी गेलेली नाही. २४० चे २०५ झाले म्हणजे साधारण साडेचौदा टक्के घट. ६.८ चे ५.८ झाले तीही तेवढीच. बॅटरीची क्षमता कमी झाली असती तर एका युनिटला किलोमीटर तेवढेच पडले असते आणि फक्त एकूण रेंज घटली असती. इथे युनिट तेवढीच मिळतायत, गाडी जास्त खायला लागली आहे. एसीही थोडं खातो, पण आवाजही त्याच वेळी सुरू झालाय. कुठेतरी चाक ओढलं जातंय: टायरची हवा, अलाइनमेंट किंवा ब्रेक.

पाना_नंबर_१० · रात्री १०:४७
ब्रेकच. पॅड संपलेले नसणार. ईव्हीत रीजन (मोटर उलटी वापरून वीज परत बॅटरीत भरणं) वेग कमी करतं, पॅड फारसा डिस्कला लागतच नाही. रात्रीत डिस्कवर तांबूस गंजाचा पातळ थर येतो, सकाळच्या पहिल्या ब्रेकला तो खरवडला जातो आणि करकर येते. तेवढंच असतं तर चिंता नव्हती. पण पॅड धरणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो, त्या वापराविना आणि धुळीने कोरड्या पडतात. मग पेडल सोडलं तरी कॅलिपर पूर्ण मागे येत नाही आणि आतला पॅड डिस्कला चिकटून राहतो. त्यातूनच आवाज आणि त्यातूनच खाणं.

उद्या ओके द्यायच्या आधी गाडीपाशी स्वतः जा. पुढची दोन्ही चाकं काढायला लावा आणि चारही पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये जॉब कार्डवर लिहून घ्या. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमी. ३ च्या खाली आला की बदलायचा. एकाच चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये दोन मिमीच्या वर फरक दिसला तर पिन अडकली आहे. पिन काढून जुनं ग्रीस पुसायचं, बारीक एमरीने गंज काढायचा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावायचं, रबरी बूट फाटला असेल तर नवा घालायचा. साधं चॅसिस ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

शेंगा_चटणी · रात्री १०:५२
गाडी उचलताना जॅक कुठे लावतात यात? मागच्या महिन्यात पंक्चरवाला बॅटरीच्या खालीच लावायला निघाला होता.

पाना_नंबर_१० · रात्री १०:५५
दारांच्या खालच्या पट्टीवर चार खाचा किंवा खुणा असतात, फक्त तिथेच. बॅटरीच्या ट्रेला कधीच नाही.

अक्कलकोट_रोड · रात्री ११:०८
केबिन फिल्टरबद्दल कोणी बोललं नाही. आमच्या एमआयडीसीच्या बाजूला यंत्रमागाच्या कापसाचे तंतू हवेत असतात, फिल्टरवर अक्षरशः चादर विणल्यासारखी गादी बसते. १० हजार किमीची वाट न बघता सहा महिन्यांनी काढून बघा. ग्लव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडा, मागे आडवं झाकण दिसेल. क्लिप दाबून ओढा. नवा घालताना कडेचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

हायवे_६५ · रात्री ११:१५
उन्हाळ्यात पुण्याला जाताना मध्ये चार्जिंगला कुठे थांबता सगळे? टेंभुर्णी की भिगवण?

ओममीटर · रात्री ११:२१
धागाकर्ते, एस्टिमेटमध्ये नाही अशी एक गोष्ट राहिली: १२ व्होल्टची बॅटरी. लेड अॅसिड असेल तर आपल्या उन्हात तिसऱ्या वर्षात मान टाकते. ती झोपली की मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असूनही गाडी रेडी होत नाही, कारण मोठी बॅटरी गाडीला जोडणारे आतले कॉन्टॅक्टर (स्विच) ओढायला तिचीच वीज लागते. रात्रभर उभी असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा, गाडी लॉक करून २० मिनिटं थांबा आणि मग मल्टिमीटर लावा. दार उघडल्या उघडल्या लावलं तर कॉम्प्युटर जागे झालेले असतात, आकडा खोटा येतो. १२.६ भरलेली, १२.२ अर्धी. गाडी रेडी असताना १३.५ ते १४.५ दिसलं पाहिजे, म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची बॅटरी भरतोय.

जुळे_सोलापूर_७ · दुसऱ्या दिवशी दुपारी १:४०
गेलो होतो. मॅन्युअलचा तक्ता समोर ठेवला. ३० हजारला कूलंट 'तपासा' आहे, पातळी मॅक्सच्या एक बोट खाली. काढून टाकलं. कनेक्टर क्लीनिंग, कोटिंग, डिसइन्फेक्टंट काढलं.

चाकं काढली. उजवीकडे दोन्ही पॅड ८.५ मिमी. डावीकडे बाहेरचा ९, आतला ६. डावीकडची खालची पिन हाताने हलत नव्हती, मेकॅनिकने पान्याने फिरवून काढली, अर्ध्या लांबीपर्यंत तपकिरी गंज. तुम्ही सांगितलं तसं साफ करून ग्रीस लावून घेतलं, त्याचे ६५० घेतले. पॅड बदलले नाहीत. ब्रेक फ्लुइडचा टेस्टर ३ च्या वर दाखवत होता, बदललं.

मजुरी २,४००, फिल्टर ७५०, फ्लुइड १,१५०, अलाइनमेंट १,४००, पिन ६५०. एकूण ६,३५०. घरी येईपर्यंत मीटर ६.५ दाखवत होतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

पाना_नंबर_१० · दुपारी १:५२
छान. आता आठवड्यातून दोन-तीनदा मोकळ्या रस्त्यावर रीजन शून्यावर ठेवून ब्रेक चांगले दाबा, डिस्क साफ राहते. टायरची हवा सकाळी थंड असताना बघा. तापमान पाच-सहा अंश चढलं की एक पीएसआय वाढतं, दुपारी भरलेली हवा पहाटे कमी निघते.

ओममीटर · दुपारी २:०५
१२ व्होल्ट मोजलं का?

जुळे_सोलापूर_७ · त्यानंतरच्या दिवशी सकाळी ६:५०
आत्ता मोजलं. लॉक करून २० मिनिटं थांबून १२.१८. रेडी केल्यावर १४.१.

ओममीटर · सकाळी ७:०३
कन्व्हर्टर भरतोय, १२ व्होल्टची बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही. लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची तपासणी) करून घ्या. त्या बॅटरीची वॉरंटी मोठ्या बॅटरीपेक्षा वेगळी असते. तारीख आज बघा आणि मुदत शिल्लक असेल तर लोड टेस्टची चिठ्ठी जोडून क्लेम टाका. तोवर लांब जायचं टाळा.