वय ४३, वजन ८८, बजेट १५ हजार: नाशिकमध्ये फिटनेससाठी कुठली सायकल घेऊ?

इंदिरानगरकर४३

नमस्कार मंडळी, थोडं सविस्तर लिहितोय, वाचून मत द्या. वय ४३, उंची ५ फूट ८ इंच, वजन ८८ किलो. गेल्या महिन्यात कंपनीच्या मेडिकलमध्ये शुगर बॉर्डरवर निघाली. डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, तीन महिने रोज घाम निघेल असं काहीतरी करा मग परत टेस्ट करू. चालायला सुरुवात केली तर टाच दुखायला लागली, आणि जिममध्ये बंद खोलीत माझं मन लागत नाही. सायकल मात्र शाळेत असताना रोज चालवायचो, भगूरहून देवळाली कॅम्पला, त्यामुळे हेच आपल्याला जमेल असं मनापासून वाटतंय.

ऑफिस अंबड एमआयडीसीत, घरापासून साधारण ६ किमी, जनरल शिफ्ट. आठवड्यातून तीन दिवस सायकलने जायचं, रविवारी सोमेश्वर किंवा गंगापूर धरणापर्यंत चक्कर, आणि संध्याकाळी भाजी आणायला पण तीच, असं डोक्यात आहे. म्हणजे एकच सायकल सगळ्याला पुरली पाहिजे. बजेट १५ हजार, फार तर १८.

दुकानात तीन गोष्टी समोर आल्या. एक, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप, डिस्क ब्रेक, २१ गिअर, जाड टायर, १३ हजार. दुसरी हायब्रीड, शॉकअप नाही, दिसायला साधी, १६ हजार. तिसरी, सोसायटीतल्या एकाची वापरलेली रोड बाईक, वाकड्या हँडलची, १५ला देतोय. मुलगी म्हणते पहिलीच घ्या, ती भारी दिसते. मला काही सुचत नाहीये. कोणी नाशिकमध्ये रोज चालवत असेल त्यांनी सांगा प्लीज.

गोदाकाठचा_पेडलवाला

दादा, सगळ्यात आधी अभिनंदन, डॉक्टरांनी सांगितल्यावर महिन्याभरात दुकानापर्यंत पोचलात हेच खूप आहे.

आता मुद्द्याचं. दोन्हीकडे शॉकअप असलेली १३ हजारातली सायकल घेऊ नका, अगदी कळकळीने सांगतो. चांगला शॉकअप बनवायला पैसे लागतात, त्या किमतीत जो मिळतो तो नुसती जड स्प्रिंग असते, त्याने सायकलचं वजन वाढतं आणि तुम्ही पेडलवर जोर दिला की तो जोर चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. चढावर तर सायकल खालीवर नाचते आणि पुढे सरकत नाही. माझी पहिली सायकल तशीच होती, आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, त्र्यंबक रोडला महिरावणीच्या पुढे जाता जाता मांड्या भरून यायच्या आणि मला वाटायचं माझ्यातच दम नाही. नंतर मित्राची हायब्रीड त्याच रस्त्यावर चालवली तेव्हा कळलं की प्रॉब्लेम सायकलचा होता.

रोड बाईक वाईट नाही, पण तुमच्या कामाची नाही. टायर बारीक, कमरेतून वाकून बसायचं, कॅरिअर बसवायची सोय बऱ्याचदा नसते, आणि सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते ठिकठिकाणी खोदलेले असताना बारीक टायरवर ८८ किलो म्हणजे रोज जीव मुठीत. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ला रेस अक्रॉस अमेरिका दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली, जवळजवळ ४,८०० किमी, तेव्हापासून इथे सायकलिंगचं वातावरण खूप वाढलं आणि ते फार चांगलंच झालं, पण त्यामुळे नवीन माणसाला वाटतं फिट व्हायचं तर रोड बाईकच पाहिजे. तसं अजिबात नाहीये.

तुमची सायकल म्हणजे ती दोन नंबरची, हायब्रीड. ७०० बाय ३५ किंवा ३८ चा टायर (म्हणजे ३५-३८ मिमी रुंद), सरळ हँडल, पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, साधा. खड्ड्याचा धक्का टायरमधली हवा बऱ्यापैकी घेते. फक्त एक गोष्ट मोजून बघा, पुढच्या सगळ्यात छोट्या चक्राला किती दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला किती. पुढे २८ मागे २८ असेल तर पेडल एकदा फिरलं की चाक एकदाच फिरतं, म्हणजे चढावर गुडघ्यावर जोर न येता हळूहळू वर जाता येतं. एकूण गिअर २१ आहेत का १८ याने काही फरक पडत नाही, सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते महत्त्वाचं.

सिडको_भाऊ

मी जरा वेगळं सांगतो. गिअरची गरजच काय? ६ किमी ऑफिस, भाजी, सोमेश्वर... आमचे वडील साध्या काळ्या सायकलवर वीस वर्षं सातपूरला कामाला गेले, गुडघे आजही ठणठणीत. ५-६ हजारात चांगली वापरलेली साधी सायकल मिळते. तीन महिने चालवा, सवय लागली तर मग १६ हजार घाला. नाहीतर बाल्कनीत कपडे वाळत घालायला होते अशा किती सायकली आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत.

गोदाकाठचा_पेडलवाला

भाऊ, सवय लागल्यावर पैसे घाला हा मुद्दा पटतो. पण साध्या सायकलला पेडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं, सपाटीला मस्त, गंगापूर धरणाकडच्या चढाला ४३ वर्षांच्या आणि बरीच वर्षं व्यायाम नसलेल्या गुडघ्यांना तो जोर झेपेलच असं नाही. वडिलांचे पाय रोजच्या चालवण्याने तयार झालेले होते. दादांना रविवारी लांब जायचंय म्हणून गिअर म्हणतोय. नुसतं ऑफिस असतं तर तुमचंच ऐकलं असतं.

चाक_आउट

मी सायकल दुरुस्तीच्या धंद्यात आहे, त्यामुळे घ्यायची कुठली यापेक्षा घेतल्यावर काय होतं ते सांगतो, कारण रोज तेच बघतो.

स्वस्तातले डिस्क ब्रेक. वायरवाले. पावसात ते रिमच्या ब्रेकपेक्षा चांगले लागतात हे खरं, पण सेटिंग थोडं हललं की चकती घासायला लागते, चर्र चर्र आवाज, आणि गिऱ्हाईक तशीच ओढत आणतं. व्ही-ब्रेकची, म्हणजे रिमला दाबणाऱ्या ब्रेकची, रबरं कुठल्याही दुकानात मिळतात, बदलायला दहा मिनिटं. तुम्ही रोज वापरणार तर डिस्क नाही म्हणून हायब्रीड सोडू नका. वजन ८८ आहे तर रिम डबल वॉल, म्हणजे दुहेरी पत्र्याची, आहे ना विचारा, सिंगल रिम खड्ड्यात लवकर वाकते, मागचं चाक तर पहिल्या महिन्यातच आउट निघतं, म्हणजे फिरताना डगमगतं.

ऑनलाइन खोक्यातली मागवू नका. ती ८५ टक्के जोडलेली येते आणि बाकीचं घरी पान्याने जोडा म्हणतात, मग हँडल सैल, ब्रेक उलटे, एकदा तर पुढचा फोर्कच मागे तोंड करून बसवलेला आला होता माझ्याकडे, त्यावर माणूस चार दिवस फिरलेला. दुकानातून घ्या, बसून बघा, आणि महिन्याभराने पहिली सर्व्हिस नक्की करा, कारण नवीन वायरी ताणतात आणि गिअर बरोबर पडत नाहीत, त्यात सायकल खराब नसते. अजून एक, सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पक्कं बिल घ्या आणि त्यावर किती लावलाय ते बघा.

सगळे पैसे सायकलमध्ये घालू नका. हेल्मेट, मागचा लाल दिवा, पुढचा दिवा, घंटी, कुलूप, हवेचा पंप, मडगार्ड यात अडीच-तीन हजार सहज जातात. पंप गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, असलेलाच घ्या. टायरच्या कडेला किती पीएसआय, म्हणजे हवेचा दाब, ते छापलेलं असतं, तुमच्या वजनाला वरच्या आकड्याच्या जवळ ठेवा आणि दर आठवड्याला बघा. ट्यूबला शेजारी शेजारी दोन बारीक भोकं पडली की समजायचं काटा नव्हता, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेंगरली. माझ्याकडे येणाऱ्या पंक्चरात अशी किती असतात विचारू नका.

नाशिकरोडची_मीनल

दादा, साइजबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी ३९ची, दोन वर्षं चालवतेय. पहिल्या सायकलची फ्रेम मला मोठी होती, दुकानदार म्हणाला सीट खाली केली की झालं, पण सीट खाली केली तरी हँडल लांबच राहतं ना, मग मान आणि तळहात भरून यायचे. सहा महिन्यांनी तोटा सोसून विकली. तुम्ही फ्रेमचा दांडा दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहून बघा, मध्ये दोन बोटांची तरी जागा राहिली पाहिजे. तुमच्या उंचीला बहुतेक मीडियम बसेल, पण अंदाजाने घेऊ नका, प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं असतं.

सीटची उंची, टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पेडलवर येतो आणि गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. आपल्याकडे सगळेजण सीट खाली ठेवतात म्हणजे थांबल्यावर पाय टेकतील, आणि मग गुडघ्याची वाटी दुखते म्हणून सायकल सोडतात. मला फार वाईट वाटतं ते बघून. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, एवढं चार दिवसांत जमतं.

आणि पहिल्याच रविवारी त्र्यंबकला निघू नका हं. तीस किमी जाऊन तीस यायचंय आणि पावसाळ्यात जाताना वारा समोरून. पहिले पंधरा दिवस नुसती २०-२५ मिनिटं, बोलता येईल इतक्याच दमाने. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, ऑफिसचं जाणं-येणं तीन दिवस केलंत तरी त्यातला मोठा भाग तिथेच होतो. उद्या शुगरची गोळी सुरू झाली तर सायकलचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, काही गोळ्यांनी व्यायामात शुगर खाली जाते, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

इंदिरानगरकर४३

मीनलताई, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी वेळ काढून लिहील वाटलं नव्हतं. दोन शंका. इंदिरानगरच्या बोगद्यात सकाळी काय गर्दी असते सगळ्यांना माहितीय, तिथून जायचं कसं? आणि दुकानदार मऊ जेल सीट घ्या म्हणतोय, घेऊ का?

गोदाकाठचा_पेडलवाला

बोगद्यात सरळ उतरा आणि कडेने हातात धरून न्या, दोन मिनिटांचं काम. नाहीतर अर्धा तास लवकर निघा. एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळी ट्रक आणि कंपनीच्या बसच्या डाव्या बाजूने घुसू नका कधीच, वळताना ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही.

नाशिकरोडची_मीनल

जेल सीट नको. पहिले आठ-दहा दिवस कुठल्याही सीटवर दुखतं, मग थांबतं. फार मऊ सीटवर माणूस रुततो आणि लांब गेलं की मांड्या घासतात.

इंदिरानगरकर४३

पाच आठवड्यांनी लिहितोय. हायब्रीड घेतली, घासाघीस करून १५,४०० ला, मीडियम फ्रेम, पुढे २८ मागे २८, व्ही-ब्रेक, रिम डबल वॉल. मुलीने रंग निवडला, निळा. हेल्मेट, दिवे, पंप धरून १८च्या थोडं वर गेलं.

पहिला आठवडा कठीण गेला, तिसऱ्या दिवशी बसताना त्रास होत होता पण ताई म्हणाल्या तसं नंतर थांबलं. मागचं चाक थोडं आउट निघालं होतं, पहिल्या सर्व्हिसला सरळ करून घेतलं. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस ठरवलं होतं ते आता चार झालेत, बोगदा हातात धरूनच ओलांडतो. वजन दीड किलोच उतरलंय पण टाच अजिबात दुखत नाही आणि रात्री झोप लागते, जी दोन वर्षं नीट लागत नव्हती. काल पहिल्यांदा सोमेश्वरला न उतरता पोचलो, धबधब्याला पाणी होतं, मुलगी तिच्या सायकलवर सोबत. परत येताना मिसळ खाल्ली, एकच पाव. शुगरची टेस्ट पुढच्या महिन्यात आहे, रिपोर्ट आला की इथे टाकतो.

एक विचारायचं राहिलं, पावसात रोज भिजतेय तर चेनला तेल किती दिवसांनी?

चाक_आउट

भिजली की त्याच दिवशी फडक्याने कोरडी पुसा, मग तेल. कडीकडीला एकेक थेंब, पाच मिनिटं थांबून वरचं जास्तीचं पुसून टाका. इंजिन ऑइल नको, चिखल धरतं.